परदेश दौऱ्याचा फॉर्म कुठे मिळतो?

मागच्या अंकात आपण एक छोटीशी चौकट छापली होती, की परदेशी सरकारं स्वतःच्या खर्चाने आपल्याकडच्या तरुण कार्यकर्त्यांना, पत्रकारांना, वकील-डॉक्टर-अधिकाऱ्यांना काही दिवस बोलावतात, हिंडवतात, माणसं भेटवतात आणि परत पाठवतात. एवढीच चौकट, पण पत्रं इतकी आली की संपादक म्हणाले ताई, यावेळी पूर्ण कॉलम यावरच करा. वडोदऱ्यात परदेश म्हटलं की प्रत्येक घरात कुणीतरी कान टवकारतंच. सगळी पत्रं घेता आली नाहीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं कुणाचीच छापत नाही, फक्त एरिया.

मांजलपूरहून एक ताई लिहितात: मी बरीच वर्षं वस्तीतल्या किशोरवयीन मुलींच्या आरोग्यावर काम करते, आमची छोटी संस्था आहे. माझ्या ओळखीच्या एक वकीलबाई तीन आठवडे अमेरिकेला जाऊन आल्या, तिकिटापासून हॉटेलपर्यंत सगळा खर्च तिकडच्या सरकारचा. त्या आयव्हीएलपी म्हणत होत्या. मी नेटवर फॉर्म शोधून शोधून थकले. वशिला लागतो का?

थकाल नाहीतर काय, तो फॉर्म नाहीच आहे! आयव्हीएलपी म्हणजे इंटरनॅशनल व्हिजिटर लीडरशिप प्रोग्रॅम, आणि त्याला अर्ज करता येत नाही, कुणालाच. त्यांच्या दूतावासातले आणि कॉन्सुलेटमधले लोक स्वतःच नावं सुचवतात, मग त्यांची एक समिती बसते, नावं वॉशिंग्टनला जातात आणि निवड झाली तर तुम्हाला फोन किंवा मेल येतो. गुजरातचा कारभार मुंबईच्या कॉन्सुलेटकडे आहे, मध्य प्रदेशचाही, म्हणजे इंदूरच्या वाचकांनाही हेच लागू.

आता हे लोक नावं आणतात कुठून? बसल्याजागी स्वप्न पडत नाही त्यांना. त्यांचे अधिकारी शहराशहरात फिरतात, कॉलेजांत, संस्थांत, परिसंवादांना जातात, आधी जाऊन आलेल्या लोकांना विचारतात की तुमच्या क्षेत्रात नवीन कोण चांगलं काम करतंय, वर्तमानपत्रं वाचतात. म्हणजे तुमच्या त्या वकीलबाई एखाद्याला तुमचं नाव सांगू शकतात, त्यात काही गैर नाही, त्याला मी वशिला म्हणणार नाही. पण नाव सांगितल्यावर समोरचा तुमचं काम बघायला जाणार आणि तिथे तुमच्या संस्थेचं एक साधं पान नाही, दोन वर्षांपूर्वीचा अहवाल नाही, केलेलं काम कुठे लिहिलेलं नाही, तर तो काय पुढे पाठवणार? आपल्या मराठी लोकांची ही जुनी खोड, काम करायचं ढीगभर आणि सांगायला लाजायचं. अहो कुणी बघावं असं वाटतंय ना, मग दिसेल अशा ठिकाणी तरी ठेवा. वर्षाचा अहवाल इंग्रजीत चार पानांचा करा, किती मुली, कुठल्या वस्त्या, आधी काय होतं आणि नंतर काय बदललं, जे फसलं तेही लिहा. शहरात त्यांचा एखादा जाहीर कार्यक्रम असला तर जा, प्रश्न विचारा, कार्ड द्या. बस. त्यानंतर विसरून जा आणि आपलं काम करा, कारण बोलावणं पुढच्या वर्षी येईल, पाच वर्षांनी येईल किंवा येणारच नाही.

थोडं या कार्यक्रमाबद्दल, कारण बऱ्याच जणांना वाटतं हे काहीतरी नवीन आहे. सुरुवात १९४० ची. दुसरं महायुद्ध पेटलेलं, लॅटिन अमेरिकेत जर्मनीचा प्रभाव वाढतोय म्हणून अमेरिकेला काळजी, तेव्हा नेल्सन रॉकफेलर यांनी तिथल्या १३० पत्रकारांना अमेरिका बघायला बोलावलं. तिथून आजवर जगभरातले २ लाखांहून जास्त लोक जाऊन आलेत, चांगल्या वर्षात साधारण ५,००० जातात. मार्गारेट थॅचर १९६७ साली गेल्या, तेव्हा त्या विरोधी पक्षात होत्या, पंतप्रधान व्हायला अजून बारा वर्षं होती. आपले अटलजी १९६० साली गेले, पस्तिशीतले, पहिल्यांदा खासदार झालेले. म्हणून म्हणते की हे लोक मोठ्या नावांपेक्षा उद्या मोठं होईल असं वाटणाऱ्या नावांच्या शोधात असतात, तेव्हा 'आमची संस्था छोटी' हे कारण मनातून काढून टाका.

तिकडे गेल्यावर काय, तर आधी वॉशिंग्टन, मग साधारण तीन-चार शहरं, एक मोठं, एक लहान, कधी शेतीवाडीचं गाव. विषय ठरलेला असतो, म्हणजे तुमच्या बाबतीत सार्वजनिक आरोग्य असेल तर दवाखाने, काऊंटीचं म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचं ऑफिस, एखादी स्थानिक संस्था, एखादं विद्यापीठ अशा भेटी. कधी सगळे एकाच देशातले, कधी पंधरा देशांतले पंधरा जण एका बसमध्ये. ट्रिप नाही ही, सकाळी आठला लॉबीत उभं राहायचं. नवरा किंवा मुलं सोबत नेता येत नाहीत, हे आधीच सांगते कारण पुढचे चार प्रश्न तेच येतील.

फतेहगंजहून एक कॉलेजकुमार: ताई, मला मेल आलाय की इस्तंबूलच्या एका ग्लोबल यूथ लीडर समिटसाठी मी सिलेक्ट झालोय. मेलवर झेंडे आहेत, सर्टिफिकेट मिळणार. फक्त रजिस्ट्रेशनचे ४५० डॉलर आठ दिवसांत भरायचेत. पप्पा म्हणतात आधी ताईंना विचार.

पप्पांना माझा नमस्कार सांग आणि पैसे भरू नकोस. तू अर्ज कधी केला होतास? नाही ना? मग सिलेक्ट कसा झालास? सरकारच्या पैशाने होणाऱ्या खऱ्या कार्यक्रमात तुझ्याकडून फी घेत नाहीत, आयव्हीएलपीला नाही, ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग स्कॉलरशिपला अर्जाची फी नाही, अमेरिकेच्या फुलब्राइट स्कॉलरशिपला नाही. असल्या समिटा म्हणजे हॉटेलचा हॉल भाड्याने घेऊन पोरांच्या पैशावर चालवलेला धंदा असतो, सगळ्याच खोट्या असतात असं नाही, पण सरकारी तर नाहीतच आणि झेंडा कुणीही चिकटवू शकतं. खरंच जायचंय तर एनसीसी किंवा एनएसएसमध्ये आहेस का बघ. एनसीसीचा यूथ एक्स्चेंज प्रोग्रॅम आहे, कॅडेट निवडून बाहेरच्या देशांत पाठवतात, आपल्या युवक मंत्रालयाची शिष्टमंडळंही जातात. जपान सरकारचं शिप फॉर वर्ल्ड यूथ १९८८ पासून आहे, जगभरातली पोरं एका जहाजावर एकत्र राहतात. यात स्पर्धा भयंकर आहे पण खिशातून डॉलर जात नाहीत.

एक नगरसेविका (एरिया छापू नका म्हणतात): एका युरोपीय देशाच्या सरकारकडून शहरातल्या पाणी आणि कचरा व्यवस्थापनाचा अभ्यास करायला दहा दिवसांचं आमंत्रण आलंय. तिकीट, राहणं, जेवण त्यांचं. मी नोकरदार नाही, लोकांनी निवडून दिलेली आहे, तर मला कुणाची परवानगी कशाला? पक्षातले काही म्हणतात जा बिनधास्त.

अभिनंदन! पण बिनधास्त जाऊ नका. या एका प्रश्नावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण इथे खूप लोक चुकतात.

परदेशी सरकारने तुमचा प्रवास किंवा राहण्या-जेवण्याचा खर्च केला की कायद्याच्या भाषेत ते परदेशी आदरातिथ्य होतं, आणि त्याला एफसीआरए म्हणजे २०१० चा परदेशी अंशदान कायदा लागतो. त्यातलं कलम ६ सांगतं की विधिमंडळाचा सदस्य, राजकीय पक्षाचा पदाधिकारी, न्यायाधीश, सरकारी नोकर आणि सरकारी मालकीच्या किंवा ताब्यातल्या कंपनीचा वा संस्थेचा कर्मचारी, यांनी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आधी घेतलेल्या परवानगीशिवाय असं आदरातिथ्य घ्यायचं नाही. आता तुम्ही म्हणाल मी कुठे विधिमंडळात आहे, मी तर कॉर्पोरेशनमध्ये. तर गंमत तिथेच आहे, या कायद्यात विधिमंडळाची व्याख्या खूप रुंद केलेली आहे, त्यात महानगरपालिका, नगरपालिका आणि पंचायतीसुद्धा येतात. म्हणजे तुम्ही येता, आणि पादरा किंवा डभोईकडचा एखादा सरपंचही येतो. तुमच्या पक्षात तुम्ही पदाधिकारी असाल तर दोन्हीकडून येता.

करायचं काय, तर गृह मंत्रालयाच्या एफसीआरएच्या साईटवर एफसी-२ हा फॉर्म ऑनलाइन भरायचा, सोबत आमंत्रणाचं पत्र जोडायचं. प्रवासाच्या निदान दोन आठवडे आधी अर्ज पोचला पाहिजे, पण दोन आठवड्यांवर विसंबू नका, आमंत्रण हातात आलं की त्याच आठवड्यात भरा. आमंत्रणाच्या पत्रात कोण कुठला खर्च करणार हे स्पष्ट हवं, नुसतं 'वी आर प्लीज्ड टु इन्व्हाइट' एवढं पुरत नाही, नसेल तर दूतावासाला सांगून नवीन पत्र मागा, ते देतात, त्यांना हे सगळं माहीत असतं. अपवाद एकच, परदेशात असताना अचानक आजारी पडून तिथल्या कुणी उपचार केले तर परवानगी आधी लागत नाही पण महिन्याच्या आत कळवावं लागतं. स्वतःच्या पैशाने फिरायला गेलात तर ही भानगड नाही. आणि संयुक्त राष्ट्रसंघ, जागतिक बँक असल्या संस्था या कायद्याच्या हिशोबात परदेशी स्रोतामध्ये धरत नाहीत, त्यामुळे त्यांच्या आमंत्रणाला एफसी-२ नाही.

रिफायनरीतल्या, सरकारी बँकेतल्या वाचकांनीही हे वाचावं, कारण सरकारी कंपनीचे कर्मचारी म्हणजे तुम्हीच. तुम्हाला याशिवाय ऑफिसची एनओसी आणि परदेशी जाण्याची रजा वेगळी. आमच्या ओळखीतल्या एका अधिकाऱ्यांनी सगळं केलं, एनओसी तेवढी साहेबांच्या टेबलावर पडून राहिली आणि विमान गेलं. तेव्हा फाईल कुठल्या टेबलावर आहे ते रोज जाऊन बघा, लाज बाळगू नका.

जाऊन आल्यावर वॉर्डातल्या लोकांना काय बघितलं ते सांगणार ना? हा माझा प्रश्न.

कारेलीबागहून एक आई: मुलगी फुलब्राइटवर मास्टर्स करायला अमेरिकेला गेली आहे, पुढच्या वर्षी संपेल. आता न्यू जर्सीचं एक स्थळ आलंय, मुलगा आपल्यातलाच, तिकडे एच-वन बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. मुलाकडचे म्हणतात लग्न करून तिथेच राहू दे. काही अडचण आहे का?

काकू, अडचण आहे आणि स्थळाला होकार देण्याआधी ती मुलाकडच्यांना सांगून टाका, नंतर गैरसमज नकोत.

मुलगी जे-वन म्हणजे देवाणघेवाणीच्या कार्यक्रमांसाठीच्या व्हिसावर गेली असणार. जे-वनमध्ये ज्यांचा खर्च सरकार करतं, अमेरिकेचं असो की आपलं, त्यांना दोन वर्षांची अट लागते, म्हणजे कोर्स संपल्यावर मायदेशी येऊन एकूण दोन वर्षं राहायचं. ती दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत तिला एच व्हिसा मिळत नाही, त्यात नवऱ्याच्या एच-वन बीवरून बायकोला मिळणारा एच-फोरसुद्धा आला. कंपनीने बदली केल्यावर मिळणारा एल नाही, मंगेतर म्हणून मिळणारा के नाही, ग्रीन कार्डही नाही. मुलगा अमेरिकन सिटिझन असता तरी हेच झालं असतं. तिच्या व्हिसाच्या स्टिकरवर किंवा डीएस-२०१९ नावाच्या कागदावर याचा उल्लेख असतो, तिला फोटो काढून पाठवायला सांगा. सूट मागता येते, पण सरकारच्या पैशाने गेलेल्यांना ती मिळणं अवघड, 'आमचा वकील करून देतो' असं कुणी म्हणालं तर फार विश्वास ठेवू नका. भेटायला म्हणून टुरिस्ट व्हिसावर जाण्याला ही अट आडवी येत नाही, मात्र व्हिसा देणं न देणं शेवटी त्यांच्या हातात.

ही अट आयव्हीएलपीच्या तीन आठवड्यांनाही लागते बरं का, लोकांना वाटतं एवढ्याशा दौऱ्याला काय. ब्रिटनच्या चेव्हनिंगलाही स्कॉलरशिप संपली की दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. त्यामागचा विचार सरळ आहे, शिकून, बघून परत जा आणि तिथे काहीतरी करा, नाहीतर हा पैसा खर्च करायचा कशाला.

आपल्या बडोद्याला तर हे नवीन नाहीच. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि करार असा की परत येऊन दहा वर्षं बडोदे संस्थानात नोकरी करायची. बाबासाहेब १९१७ साली ठरल्याप्रमाणे आले, हुद्दा मिळाला, पण या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत खरी जात लपवून राहिले, कळल्यावर काठ्या घेऊन लोक आले, आणि कमाटीबागेत झाडाखाली बसून त्यांनी शहर सोडायचं ठरवलं. आज तिथे संकल्पभूमी हे त्याचं स्मारक आहे, आपण रविवारी मुलांना तिथूनच प्राणिसंग्रहालयात नेतो. परत या म्हणणं सोपं असतं काकू, परत आलेल्याला जागा देणं हे पाठवणाऱ्याचं काम असतं आणि ते बडोद्याने तेव्हा केलं नाही.

तुमच्या मुलीपुरतं म्हणाल तर दोन वर्षांत ती इथे चांगली नोकरी करू शकते, लग्न करून दोन वर्षं दोघं दोन देशांत राहू शकतात, किंवा मुलगाच इकडे येऊ शकतो. तिसरा पर्याय मुलाकडच्यांनी बोलूनच दाखवला नसणार, तुम्ही विचारून बघा!

दांडिया बाजारमधून एक काका: माफ करा, पण हे सगळं ब्रेनवॉशिंग आहे. कुठलं सरकार फुकट तिकीट देतं? आमच्या वेळी रशियावाले न्यायचे, आता अमेरिकावाले नेतात.

काका, फुकट कुणीच देत नाही हे बरोबर आहे. वर १९४० ची गोष्ट सांगितलीच, ती सरळ परराष्ट्र धोरणाची गोष्ट आहे. फुलब्राइटही १९४६ चं, महायुद्धातलं उरलेलं सामान विकून जे परदेशी चलन आलं ते शिक्षणाच्या देवाणघेवाणीत घालायचं, अशी ती कल्पना. युरोपीय संघाचा व्हिजिटर्स प्रोग्रॅम १९७४ पासून आहे, फ्रान्सचा 'भावी व्यक्तिमत्त्वं' निवडणारा १९८९ पासून, जर्मनीच्या परराष्ट्र खात्याचा वेगळा. सगळ्यांना वाटतं की उद्या या माणसाच्या हातात काही आलं तर आपल्याबद्दल त्याचं मत बरं असावं. लपवत नाहीत ते.

पण तीन आठवड्यांत कुणाचं ब्रेन धुतलं जातं असं मला वाटत नाही. जाऊन आलेले लोक मी बघितलेत, त्यातले निम्मे येऊन अमेरिकेतल्या दवाखान्याच्या बिलांबद्दल बोलतात. चांगला कार्यक्रम असेल तर ते तुम्हाला त्यांच्या टीकाकारांनाही भेटवतात, बेघर लोकांची वस्ती दाखवतात, आणि दाखवलं नाही तर तुम्ही विचारा. डोळे आपलेच असतात ना. उलट माझी तक्रार दुसरीच आहे, की बोलावणी त्याच त्या इंग्रजी बोलणाऱ्या, मोठ्या शहरातल्या मंडळींना जातात आणि गुजरातीत किंवा मराठीत उत्तम काम करणारा माणूस नजरेतच येत नाही. दुभाषी देण्याची सोय आयव्हीएलपीत आहे, काही देशांच्या गटांना देतात, भारतीयांना मात्र बहुतेक वेळा इंग्रजी येतंच असं धरून चालतात.

आणि हे नळाचं पाणी आहे हेही लक्षात ठेवा, वरून बंद केलं की बंद. २०२५ साली अमेरिकेत या कार्यक्रमांच्या पैशांवरून बरीच ओढाताण झाली. म्हणून कुठलीही जाहिरात बघाल तर त्या वर्षीची, अधिकृत साईटवरची आहे का ते आधी तपासा, जुन्या पोस्ट फिरत असतात.

वाघोडिया रोडहून एक शिक्षिका: वय ४८. माध्यमिक शाळेत शिकवते. माझी वेळ गेली का? आणि ज्यात स्वतः अर्ज करता येतो असं काही आहे का?

गेली नाही. आयव्हीएलपीला वयाची ठरलेली मर्यादा नाही, चेव्हनिंगलाही वरची वयोमर्यादा नाही. जपानच्या जहाजाला मात्र तिशीपर्यंतच.

स्वतः अर्ज करायचा तर फुलब्राइटमध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी सहा आठवड्यांचा एक कार्यक्रम असतो, तिकडच्या विद्यापीठात प्रशिक्षण आणि तिथल्या शाळेत वर्गात बसायचं, शिकवायचं. भारतातलं फुलब्राइटचं काम यूएसआयईएफ ही संस्था बघते, १९५० पासून, २००८ नंतर आपलं सरकारही त्यात पैसे घालतं म्हणून नावात नेहरू आलं. त्यांच्या साईटवर त्या वर्षी कार्यक्रम आहे का बघा. चेव्हनिंग हे एक वर्षाचं मास्टर्स, त्याला दोन वर्षांचा म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, अर्ज साधारण ऑगस्टमध्ये उघडतात आणि ऑक्टोबरमध्ये बंद होतात, नवरात्राच्या धामधुमीत नेमकी तारीख निघून जाते, आपल्याकडे गरबा सोडून कोण फॉर्म भरतं! तेव्हा श्रावणातच बसा.

निबंधात 'मला लहानपणापासून शिक्षणाची आवड' असं लिहू नका. ते वाचणाऱ्यांनी असे हजारो वाचलेले असतात. तुमच्या वर्गात मराठी, गुजराती आणि हिंदी बोलणारी मुलं एका बाकावर असतील ना, त्यांना तुम्ही भूमिती कशी शिकवता ते लिहा, अमुक मुलगी अशी अडली, मग हे करून बघितलं, असं. शिफारसपत्र मुख्याध्यापकांकडून घ्या, पण तुम्हीच त्यांना मुद्दे लिहून द्या, नाहीतर 'त्या नियमित व वक्तशीर आहेत' एवढंच येईल.

अलकापुरीहून एक जण: आपलं सरकार असं कुणाला बोलावतं का, की आपण फक्त जायचं?

बोलावतं की. आयटेक नावाचा कार्यक्रम १५ सप्टेंबर १९६४ पासून चालू आहे, परराष्ट्र मंत्रालयाचा. आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका मिळून १६० च्या आसपास देशांतले अधिकारी आणि व्यावसायिक इथे येऊन छोटे कोर्स करतात, हिशोब तपासणीपासून आयटी, शेतीपर्यंत. तिकीट, फी, राहणं, वरखर्च सगळं आपण देतो. दिल्लीच्या आयसीसीआरचेही, म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेचेही पाहुणे येत असतात, ती संस्था १९५० ची.

आणि बडोद्याने तर दिल्लीच्या कितीतरी आधी माणूस बोलावला होता. सयाजीराव अमेरिकेत फिरून आले, तिथली सार्वजनिक ग्रंथालयं बघितली आणि १९१० साली विल्यम बोर्डन या न्यू हेवनच्या ग्रंथपालाला थेट बडोद्यालाच आणलं. तो १९१३ पर्यंत राहिला. मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, १९११ साली इथे ग्रंथपालांचा वर्ग काढला, पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यापाड्यांत फिरती ग्रंथालयं पाठवली. दौरा करून आलेल्या माणसाने नुसते फोटो न दाखवता काय करावं याचं हे उदाहरण मांडवीजवळ अजून उभं आहे, आत जाऊन ते लोखंडी कपाटांचे मजले एकदा बघाच.

रावपुऱ्यातून, निवड झालेल्या एका डॉक्टर वाचकाचा मेसेज: पुढच्या महिन्यात अमेरिकेचा दौरा. मी शुद्ध शाकाहारी. जेवणाचं काय? आणि लोकांच्या घरी जेवायला नेतात म्हणे, भेट काय न्यायची?

वा, मजा करा! जेवणाचं आधी लिहून कळवा, नुसतं व्हेजिटेरियन म्हणू नका, अंडं नको, मासा नको, चिकनचा रस्साही नको असं फोड करून लिहा, त्यांच्याकडे मासे खाणाराही स्वतःला व्हेजिटेरियन म्हणवतो. रोजचा भत्ता मिळतो, त्यात बाहेर आरामात खाता येतं, मोठ्या शहरांत अडचण नाही, लहान गावात दोन दिवस सॅलड आणि बटाट्यावर काढायची तयारी ठेवा. थेपले न्याच.

घरी जेवायला नेतात ते खरं आहे, शहराशहरात स्वयंसेवकांच्या संस्था आहेत, त्या पाहुण्यांना एका संध्याकाळी साध्या घरी जेवायला पाठवतात. बऱ्याच लोकांना पुढे मिटिंगा आठवत नाहीत, तेवढं जेवण आठवतं. तिथे साडेसहा म्हणजे साडेसहा, आपल्यासारखं आठ नाही. महाग भेट नेऊ नका, त्यांना अवघडतं. छोटी पाटणच्या पटोळ्याच्या डिझाइनची रुमालं, संखेड्याच्या लाकडाची लहान वस्तू छान. भाकरवडी न्यायची असेल तर दुकानातून सीलबंद, लेबल असलेलं पाकीट घ्या, घरच्या डब्यातली नको, चेक-इन बॅगेत टाका आणि कस्टमवाल्यांनी विचारलं की खाण्याचं आहे म्हणून आधीच सांगून मोकळे व्हा, लपवलं तर दंड होतो. आणि तुमचा दवाखाना सरकारी असेल तर वरचं नगरसेविकांना दिलेलं उत्तर आत्ता, याच क्षणी वाचा, महिनाच राहिलाय!